अस्सल अंधारात, नक्कल भिंतीवर

वाचकाचं पत्र:

"आमचे बाबा ऑफिसच्या क्रिकेट संघात यष्टिरक्षक होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या ट्रंकेत संघातल्या सगळ्यांनी सह्या केलेली एक बॅट, गळ्याला निळी-लाल पट्टी असलेला पांढरा लोकरी स्वेटर, एक सीझन बॉल, दोन पदकं, संघाचा कृष्णधवल फोटो, स्कोअरबुकातलं एक पान आणि वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली वही निघाली. आईची इच्छा आहे की हे सगळं एकाच मोठ्या फ्रेममध्ये बैठकीच्या खोलीत लावावं. ती रोज बसते तिथून दिसेल असं, म्हणजे खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीवर. भाऊ म्हणतो, त्याआधी स्वेटर धुऊन घेऊ, कात्रणं लॅमिनेट करू आणि बॅटला तेल देऊन वर वॉर्निश मारू, म्हणजे सगळं टिकेल. मला मात्र धाकधूक वाटते. काय करू?"

उत्तर:

तुमची धाकधूक रास्त आहे. भावाच्या मनात वस्तू टिकाव्यात हेच आहे, पण त्याने सुचवलेल्या तिन्ही गोष्टी थांबवा. धुतलेला स्वेटर पुन्हा न धुतलेला होत नाही, लॅमिनेट केलेलं कात्रण प्लास्टिकमधून सुटत नाही आणि वॉर्निश काढायला गेलं की खालच्या सह्या त्याच्याबरोबर निघतात. जुन्या वस्तूच्या बाबतीत काहीही करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: उद्या हे जसंच्या तसं उलटं करता येईल का? उत्तर "नाही" असेल, तर ते करायचं नाही. संग्रहालयात काम करणारे लोकही याच प्रश्नापासून सुरुवात करतात. पुढे जे लिहितो आहे ते सगळं त्याच्याच आधाराने.

आधी आईच्या इच्छेबद्दल, कारण खरा पेच तिथे आहे. तिला या वस्तू रोज डोळ्यांसमोर हव्या आहेत आणि वस्तूंना सगळ्यात जास्त त्रास होतो तो रोज उजेडात राहण्याचा. उजेडाचं नुकसान साठत जातं. आज पडलेला प्रकाश उद्या पडलेल्यात मिळवला जातो आणि उडालेला रंग पुन्हा येत नाही. कापड, शाई, रंगीत फोटो अशा नाजूक गोष्टींवर संग्रहालयं साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश पडू देत नाहीत. थेट उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन पडत नसलं, तरी दिवसभर 50 च्या कितीतरी पट उजेड असतो. हिशोब सरळ आहे: 500 लक्समध्ये 10 तास आणि 50 लक्समध्ये 100 तास, दोन्हींचं नुकसान जवळपास सारखंच.

सह्यांना हे सगळ्यात आधी भोवतं. पेन्सिलीचं ग्राफाइट उजेडाला दाद देत नाही, पण बॉलपेन आणि फेल्टपेनच्या शाईतले रंग झपाट्याने फिके पडतात. बॅटवरच्या सह्या बहुधा यांपैकीच एकाने केलेल्या असणार. फ्रेमवाला तुम्हाला "यूव्ही काच लावा, काही होत नाही" असं सांगेल. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक जरूर लावा, चांगल्या प्रतीचं असेल तर त्यातले 97 ते 99 टक्के किरण अडतात. पण डोळ्यांना दिसणारा प्रकाश आत जातोच, आणि रंग तोही उडवतो. त्या काचेच्या भरवशावर खिडकीसमोरची भिंत निवडू नका.

म्हणून माझा सल्ला असा. फोटो, कात्रणं आणि स्कोअरबुकाचं पान या तिन्हींच्या उत्तम नकला करून त्या फ्रेम करा आणि आईला हव्या त्याच भिंतीवर लावा. कागदी वस्तू 600 डीपीआयला स्कॅन करा, पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर चांगल्या कागदावर छापून घ्या. फोटो थोडा मोठा करून छापा, आईला बसल्या जागेवरून चेहरे ओळखता येतील. मूळ फोटोत ते कदाचित तितके नीट दिसतही नसतील. नकला फिक्या पडल्या, तर पुन्हा छापता येतात. मूळ वस्तूंपैकी बॅट आणि स्वेटर फ्रेममध्ये ठेवायला हरकत नाही, मात्र वेगवेगळ्या फ्रेममध्ये आणि उजेड कमी असलेल्या भिंतीवर. स्वेटर तर वर्षातले तीन-चार महिने बाहेर आणि उरलेला वेळ पेटीत, असं आलटून पालटून ठेवलंत तर त्याचं आयुष्य कितीतरी वाढेल.

वेगवेगळ्या फ्रेम का, तर एकत्र ठेवलेल्या वस्तू एकमेकींना खराब करतात. बॅटच्या रबरी ग्रिपमधून गंधकाची संयुगं बाहेर पडतात, लोकरीतही गंधक असतं आणि त्याने चांदीची पदकं काळी पडतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, पिवळं पडत जातं, कागद आम्लयुक्त होतो आणि शेजारच्या फोटोवर डाग उमटवतो. बंद फ्रेममध्ये ही सगळी हवा कोंडून राहते. एकाच चौकटीत सगळा संसार मांडलेला दिसायला छान दिसतो, पण तो आतून पोखरला जातो.

आता फ्रेमबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या मागच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाहीत. फुटबॉलच्या विश्वचषकाचा मूळ करंडक, ज्यूल्स रिमे करंडक, 1983 साली रिओ द जानेरोमधल्या ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या कार्यालयातून चोरीला गेला आणि तो परत मिळाला नाही. ज्या कपाटात तो ठेवला होता त्याला पुढून बुलेटप्रूफ काच होती, पण मागची बाजू लाकडी होती. चोरांनी ती मागूनच उचकटली. घरातल्या फ्रेमचंही असंच होतं. पैसे काचेवर खर्च होतात आणि वस्तूचा घात मागून होतो. हार्डबोर्ड, प्लायवूड, एमडीएफ यांतून अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा वर्षानुवर्षं निघत राहतात. चित्राभोवती लावायचा स्वस्त पुठ्ठा, म्हणजे माउंट बोर्ड, तोही आम्लयुक्त असतो. जुन्या फ्रेम उघडल्या की चित्राभोवती माउंटच्या कडेबरोबर जी तपकिरी रेघ दिसते, ती त्याचीच.

तर फ्रेमवाल्याला नेमकं काय सांगायचं? माउंट आणि वस्तूमागचा बोर्ड आम्लमुक्त व लिग्निनमुक्त हवा, शक्यतो शंभर टक्के कापसाचा. पाठीला प्लायऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा नालीदार पत्रा किंवा अ‍ॅल्युमिनिअम कॉम्पोझिट. खोलगट पेटीची फ्रेम लाकडाची असेल, तर आतल्या बाजूंना अ‍ॅल्युमिनिअमचा थर असलेली पट्टी लावून लाकूड झाकून घ्यायचं. रंग किंवा पॉलिश ताजं असेल, तर फ्रेम निदान चार आठवडे उघडी ठेवायची आणि मगच वस्तू आत. काच वस्तूला कुठेही टेकता कामा नये, मध्ये स्पेसर हवाच. सांधे भरायला सिलिकॉन वापरत असतील, तर हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो प्रकार तुमच्या फ्रेममध्ये नको. आणि वस्तूला गोंद, दुहेरी चिकटपट्टी, हॉट ग्लू, स्टेपल यांपैकी काहीही लागणार नाही, हे आधीच कबूल करून घ्या. "काही होत नाही हो, आम्ही नेहमी असंच करतो" असं उत्तर आलं, तर दुसरा फ्रेमवाला शोधा. संकोच करू नका. वस्तू तुमच्या वडिलांची आहे.

स्वेटरवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण या सगळ्यात तो सर्वात नाजूक. न धुण्याची कारणं तीन. निळ्या-लाल पट्टीचा रंग पांढऱ्या लोकरीत उतरू शकतो, आणि तो एकदा उतरला की संपलं. लोकर आटते. आणि कुठे कसर लागून बारीक भोकं पडली असतील, तर ओल्या कापडाच्या वजनाने ती फाटत जातात. ड्रायक्लीनिंगही नको, त्यातली द्रावणं आणि यंत्रातली घुसळण जुन्या धाग्यांना झेपत नाही. चौथं कारण माझ्या दृष्टीने तितकंच मोठं आहे: कोपरावरचा मातीचा डाग, हाताने घातलेला रफू हे त्या स्वेटरचेच भाग आहेत. 1986 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने घातलेला शर्ट 2022 साली लिलावात निघाला, तेव्हा तो खरंच तोच आहे हे सामन्याच्या छायाचित्रांशी त्याचे बारकावे जुळवून पाहिलं गेलं. तुम्हाला काही विकायचं नाही हे मला ठाऊक आहे. पण उद्या तुमच्या मुलांनी फोटोतला स्वेटर आणि हातातला स्वेटर शेजारी धरून पाहिला, तर तो तोच दिसायला हवा.

मात्र घामाचे आणि खाण्याचे डाग किड्यांना बोलावतात, हेही खरं. म्हणून धूळ काढा. पांढऱ्या सुती चादरीवर स्वेटर पसरा, त्यावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा ठेवा आणि व्हॅक्यूम क्लीनर सर्वात कमी ताकदीवर ठेवून जाळीवरून हळूहळू फिरवा. डाग फारच जाड असतील, तर वस्त्रसंवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. घरी प्रयोग नकोत. शिवणींच्या आत, काखेत, पट्टीच्या घडीत कसरीच्या जाळ्या किंवा वाळूसारखी विष्ठा दिसते का ते बघा. शंका आली तरी पुढची गोष्ट करा: स्वेटर आम्लमुक्त टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांच्या किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड लोकरीवर दव जमतं. डांबरगोळ्या मात्र कुठेच नकोत, फ्रेममध्ये तर मुळीच नकोत. त्यांची वाफ माणसांनाही बाधते आणि काही प्रकारच्या प्लास्टिकलाही.

फ्रेममध्ये स्वेटर टाचणीने लावायचा नाही. टाचणी गंजते आणि भोक ठेवते. हँगरवर लटकवायचाही नाही, कारण विणलेली लोकर स्वतःच्याच वजनाने खाली ओघळते आणि खांद्यांना पोक येतं. आम्लमुक्त बोर्डाला धुऊन खळ काढलेलं, ब्लीच न केलेलं सुती कापड ताणून बसवा. छाती आणि बाह्यांच्या आकाराची पातळ गादी पॉलिस्टरच्या वॅडिंगची करा, तिच्यावर सुती कापडाचा अभ्रा चढवा आणि ती स्वेटरच्या आत सरकवा. मग बारीक सुती दोऱ्याने, शिवणींच्या जवळून, धाग्यांच्या मधून सुई घालत सैल टाके घालून तो बोर्डावर धरा. धागा टोचून फुटणार नाही याकडे लक्ष द्या. टाके बरेच आणि सैल हवेत, म्हणजे वजन एका जागी येत नाही. हे काम तुम्ही आणि आई मिळून दोन दुपारींत करू शकाल, आणि फ्रेमवाल्यापेक्षा नक्की चांगलं कराल.

बॅटचं काम सोपं आहे, फक्त हात आवरायचा. खेळायच्या बॅटला लिनसीड तेल देतात ते तिने चेंडूचा मार सोसावा म्हणून. ही बॅट आता खेळणार नाही. तेलाने लाकूड काळवंडेल, धूळ चिकटेल आणि सह्यांची शाई पसरेल. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. सह्यांवर ब्रश नेऊ नका. ग्रिप चिकट झाली असेल, तर ती ओरबाडू नका, तिच्याभोवती पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म सैल गुंडाळा, म्हणजे ती दुसऱ्या कशाला चिकटणार नाही. हँडलचा दोरा सुटत असेल, तर सुटलेलं टोक तसंच सांभाळा, नवा दोरा गुंडाळू नका. फ्रेममध्ये बॅटचा भार खालच्या टोकाखाली आणि खांद्यांपाशी, मऊ अस्तर लावलेल्या आधारांवर यावा. हँडलला बांधून टांगू नका. आधी प्रत्येक सहीचा जवळून फोटो काढा, एकदा समोरून उजेड घेऊन आणि एकदा बाजूने तिरपा. तिरप्या उजेडात फिक्या सहीचा पेन दाबल्याचा वळही कधीकधी दिसतो.

कात्रणांची वही फाडून कात्रणं सुटी करू नका. गोंद सुटण्याआधी कागद सुटतो. पानांच्या मध्ये कॅल्शियम कार्बोनेट असलेला, म्हणजे बफर केलेला आम्लमुक्त कागद घाला. तो वर्तमानपत्रातलं आम्ल बऱ्याच अंशी शोषून घेतो. सुटी असतील ती कात्रणं पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा आणि मागे तोच बफर केलेला कागद. पीव्हीसीची पाकिटं किंवा चिकट पानांचे अल्बम वापरू नका. इथे एक फरक लक्षात ठेवा: स्वेटरसाठी मात्र बफर नसलेला टिश्यू घ्यायचा, लोकरीला अल्कली मानवत नाही. दोन्ही कागद दिसायला सारखेच, म्हणून घेतानाच पाकिटावर लिहून ठेवा.

मूळ फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असणार. त्याला पुठ्ठ्यापासून वेगळं करू नका, ठिसूळ झाला असला तरीही. सध्या तो काचेच्या फ्रेममध्ये असेल आणि काचेला चिकटलेला वाटत असेल, तर ओढू नका. दमट हवेत फोटोवरचं जिलेटिन मऊ होऊन काचेला धरतं आणि ओढलं की चेहरेच काचेवर राहतात. तसाच स्कॅन करा आणि संवर्धकाकडे न्या. मात्र कुठे कोण उभं आहे हे आईला विचारून या आठवड्यातच लिहून काढा. स्कॅनच्या प्रिंटवर आकडे घालून वेगळ्या कागदावर पेन्सिलीने नावं, आणि बॅटवरची कुठली सही कोणाची तेही. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहायचं नाही, दाब पुढे उमटतो. एखादं नाव आईला आठवलं नाही, तर बाबांच्या संघातले जे कोणी आज आहेत त्यांना तो प्रिंट पाठवा. कागद आणि लोकर अजून बरीच वर्षं थांबतील. ही माहिती थांबणार नाही, म्हणून फ्रेमच्याही आधी हे करा.

पदकं घासू नका. पॉलिश दर वेळी धातूचा बारीक थर घेऊन जातं आणि मुलामा असेल तर खालचा धातू उघडा पडतो. नायट्राइलचे हातमोजे घालून हाताळा आणि वेगळ्या छोट्या पेटीत ठेवा. सीझन बॉलला तेल, मेण, बूटपॉलिश काही नको. त्याला आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या कड्यावर असा बसवा की भार शिवणीवर येणार नाही. चेंडूवर पांढरट थर दिसला, तर घाबरू नका. चामड्यातली चरबी वर आलेली असते, कोरड्या मऊ कापडाने निघते. लव असलेले ठिपके असतील आणि कुबट वास येत असेल, तर ती बुरशी. मग चेंडू बाकीच्यांपासून लगेच बाजूला काढा.

जागेबद्दल शेवटचं. बाहेरच्या बाजूची, ओल येणारी भिंत आणि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास असावी. 65 च्या वर फार काळ राहिली की बुरशी धरते. एक छोटा आर्द्रतामापक त्या खोलीत ठेवा. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून लहान गाद्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. बॅटची फ्रेम जड होईल, म्हणून तिला दोन कड्या आणि भिंतीत दोन पक्के स्क्रू. एका खिळ्यावर दोरी अडकवून टांगू नका. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घेतलंत, तर वजन जवळपास निम्मं होतं आणि पडलं तरी चुरा होऊन सह्यांवर येत नाही. ते पुसायला अमोनिया असलेला क्लीनर नको, आणि द्रव नेहमी कापडावर फवारायचा, फ्रेमवर नाही, नाहीतर तो कडेने आत झिरपतो. वर्षातून एकदा, स्वेटर पेटीतून काढून फ्रेममध्ये लावाल त्याच दिवशी, सगळ्या वस्तू नीट उजेडात बघा, आजच्या फोटोंशी ताडून पाहा. काही बदललेलं दिसलं, तर ती वस्तू भिंतीवरून उतरवा आणि मला पुन्हा लिहा.